पायाळू आणि अपुऱ्या दिवसांचे

मराठीतला 'पायाळू' हा शब्द अजून पुरता मेलेला नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. अशा माणसाने कंबरेला लाथ लावली की उसण उतरते, त्याला जमिनीत पुरलेले धन दिसते, आणि विजा कडाडू लागल्या की त्याने उघड्यावर थांबू नये, अशा समजुती आमच्या पिढीने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आहेत. प्राचीन रोममध्ये अशा मुलांना 'अग्रिप्पा' म्हणत. थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासाच्या सातव्या खंडात या नावाचा अर्थ 'कष्टाने जन्मलेला' असा लावला आहे. पायाकडून जन्मूनही भाग्यवान ठरलेला म्हणून तो मार्कस अग्रिप्पाचे एकट्याचे नाव घेतो आणि लगेच त्याच्याही दुःखांची यादी जोडतो. नीरो पायाकडून जन्मल्याचे त्याच्या आईनेच लिहून ठेवले होते, असेही तो सांगतो. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री' या नाटकाच्या तिसऱ्या भागात पुढे तिसरा रिचर्ड होणारा ग्लॉस्टर आपण पाय पुढे करून जगात आलो हे स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि प्रेक्षकांना त्याच्या पुढच्या क्रौर्याची ती खूण वाटते.

या सगळ्या कथांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्या जगलेल्यांच्या कथा आहेत. पायाळू जन्मून पहिल्या तासात दगावलेल्या मुलाला उसण उतरवण्याचा गुण कोणी चिकटवला नाही, त्याच्या नावाची व्युत्पत्ती कोणी शोधली नाही. मराठीत 'वाचणे' या एकाच क्रियापदाने जीव वाचतो आणि पुस्तकही वाचले जाते. आमच्यासारख्या साहित्याच्या अभ्यासकांना त्यात गंमत वाटते. पण जे वाचले त्यांच्यावरून जे वाचले नाहीत त्यांच्याविषयी काय म्हणता येते, हा प्रश्न गेली पन्नासेक वर्षे प्रसूतिशास्त्रात अगदी गंभीरपणे विचारला जात आहे. तो सर्वांत अवघड होतो अठ्ठावीस आठवडेही पूर्ण न झालेल्या पायाळू बाळाच्या बाबतीत. अशा बाळाला नैसर्गिक मार्गाने येऊ द्यावे की आईचे पोट उघडून काढावे? हा निर्णय डॉक्टर कसा करत आले, याचा इतिहास आम्हांला येथे सांगायचा आहे. तो वैद्यकाच्या प्रगतीचा इतिहास आहेच. पण पुरावा म्हणजे काय आणि तो कसा घडतो याचाही आहे, आणि म्हणून तो या पानावर येण्यास हरकत नसावी.

सुश्रुतसंहितेत 'मूढगर्भ' या नावाखाली अडलेल्या बाळंतपणांचा विचार आला आहे. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे मूढगर्भाचे चार प्रकार सांगितले आहेत. नावे पाहिली तरी लक्षात येते की गर्भ कोणत्या अंगाने अडकला आहे याचे ते वर्णन आहे. चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात गर्भ जिवंत असेल तर त्यावर कधीही शस्त्र चालवू नये, कारण त्याने आई आणि मूल दोघांचाही घात होतो, अशी स्पष्ट ताकीद आहे. गर्भ मृत असेल तर मात्र आईसाठी तो तातडीने काढावा. म्हणजे दोन जिवांच्या हिताचा ताळा कसा घालायचा हा प्रश्न तेव्हाही होताच. १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेताना आनंदीबाई जोशी यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच प्रबंधाचा विषय घेतला होता. चौदाव्या वर्षी झालेले आपले मूल दहा दिवसांत गमावलेल्या स्त्रीने हा विषय निवडावा, याबद्दल अधिक काही लिहिण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

युरोपात शतकानुशतके या प्रश्नाचे उत्तर हातात होते, कारण पोट उघडणे म्हणजे आईचा मृत्यू जवळजवळ ठरलेलाच असे. सोळाव्या शतकात पॅरिसच्या आंब्रुआझ पारे याने आडव्या बाळाचे पाय धरून त्याला वळवून काढण्याची जुनी युक्ती पुन्हा रूढ केली; याचा अर्थ असा की काही वेळा दाई आणि शल्यवैद्य मुलाला मुद्दाम पायाळू करत. सतराव्या शतकात फ्रांस्वा मोरिसो याने मागाहून येणारे डोके सोडवण्याची जी रीत वर्णिली, ती थोड्याफार फरकाने आजही शिकवली जाते. विसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्याच एडमंड पायपर याने या मागाहून येणाऱ्या डोक्यासाठी खास चिमटा तयार केला, नॉर्वेच्या लोवसेटने अडकलेले हात सोडवण्याची फिरकी सांगितली, आणि बर्लिनच्या ब्राख्टने हात शक्यतो दूर ठेवून बाळाला आपल्याच गतीने आईच्या पोटाच्या दिशेने वर येऊ देण्याची रीत रूढ केली. या सगळ्या युक्त्यांचा रोख एकाच अवयवावर आहे हे ध्यानात घ्यावे. पायाळू बाळंतपणातले भय पायांचे नसते, डोक्याचे असते. एरवी सर्वांत मोठा भाग आधी बाहेर येतो आणि मग बाकीचे शरीर सहज निसटते. येथे क्रम उलटा असतो, आणि डोके मार्गात असताना नाळ दाबली जात असल्यामुळे वेळ मिनिटांत मोजावा लागतो.

पुऱ्या दिवसांच्या बाळाचा घेर डोक्याशी आणि पोटाशी जवळपास सारखा असतो. कंबर आणि खांदे येऊ शकले तर डोकेही येईल असा भरवसा त्यामुळे ठेवता येतो. पंचवीस-सव्वीस आठवड्यांच्या बाळाचे तसे नसते. सातआठशे ग्रॅम वजनाच्या त्या देहाला चरबी नसते, आणि डोके पोटाच्या मानाने बरेच मोठे असते. गर्भाशयाचे मुख अर्धवट उघडलेले असतानाच पाय आणि धड त्यातून घसरून येतात, आणि मुखाची कडा मानेभोवती आवळते. १८९० च्या सुमारास बर्लिनच्या ड्यूर्सन याने अशा वेळी त्या कडेलाच छेद देण्याचा उपाय सुचवला. तो आजही शेवटचा उपाय म्हणून पुस्तकांत आहे, आणि कोणालाही तो वापरण्याची वेळ यावी असे वाटत नाही. शिवाय या वयात मेंदूतील काही रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की दाब आणि प्राणवायूतले चढउतार त्यांना सोसत नाहीत आणि मेंदूत रक्तस्राव होतो. आणखी एक गोष्ट अशी की अपुऱ्या दिवसांत पायाळू असणे हा अपवाद नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास चारांतले जवळपास एक बाळ या स्थितीत असते. पुढे ते आपोआप फिरते आणि दिवस भरताना शंभरात तीनचारच तशी उरतात. लवकर येणाऱ्या बाळाला फिरायला वेळच मिळालेला नसतो.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या बाळांसाठी प्रसूतीचा मार्ग 'निवडणे' ही कल्पनाच नव्हती. ती जगत नसत. पॅरिसमध्ये १८८० नंतर तार्निये याने वापरात आणलेली उबेची पेटी, जिला आपल्याकडे सरसकट काचेची पेटी म्हणतात, त्याहून मोठ्या बाळांच्या कामी आली. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा सुमारे साडेचौतीस आठवड्यांचा मुलगा दोन दिवसही पुरे होण्याआधी फुप्फुसांच्या अपरिपक्वतेने गेला. तोही जिथे वाचू शकला नाही तिथे पंचवीस आठवड्यांच्या बाळाची काय कथा. १९५९ साली मेरी एलन एव्हरी यांनी दाखवून दिले होते की या बाळांच्या फुप्फुसांत ती उघडी ठेवणारा द्रव पुरेसा नसतो. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात हे सिद्ध केले. १९८० साली जपानमध्ये फुजिवारांनी तो द्रव बाहेरून फुप्फुसांत घालून बाळे जगवली. जगण्याची सीमा अशी आठवड्या-आठवड्याने खाली सरकली, आणि काल ज्याला गर्भपात म्हटले असते त्याला आज बाळ म्हणावे लागले. नाव बदलल्याबरोबर प्रश्न उभा राहिला.

दरम्यान शस्त्रक्रियेचे स्थान बदलले होते. १८८२ साली झेंगर याने गर्भाशय शिवण्याची रीत दिली. पुढे जंतुनाशके, रक्त, भूल आणि प्रतिजैविके आली आणि सिझेरियन आईला पुष्कळच सुरक्षित झाले. १९५९ साली अमेरिकेत राल्फ राइट यांनी पायाळू बाळांसाठी सिझेरियन हीच नित्याची पद्धत करावी असे सुचवले तेव्हा तो आगाऊपणा वाटला असेल. पण १९७० नंतरच्या दोन दशकांत तेच धोरण पसरले, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत अधिक वेगाने. रुग्णालयांनी आपल्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. नैसर्गिक मार्गाने आलेली छोटी पायाळू बाळे अधिक दगावली होती, सिझेरियनने आलेली कमी. निष्कर्ष सरळ दिसत होता.

तो सरळ नव्हता. तेवीस-चोवीस आठवड्यांचे बाळ जगणार नाही अशी डॉक्टरांची खात्री असेल तर ते आईचे पोट उघडत नाहीत. बाळ नैसर्गिक मार्गाने येते आणि जाते. कळा इतक्या जोरात असतील की बाळ दारातच आहे, तर टेबलापर्यंत नेण्यास वेळ नसतो. तेही बाळ त्याच रकान्यात जाते. आईच्या पोटातच ज्याचे ठोके मंदावले आहेत तेही तिकडेच. उलट सिझेरियनचा निर्णय, भूल, छेद एवढा अवधी ज्याने तग धरला त्याच्या बाजूने आधीच काहीतरी होते. त्याच्या आईला स्टेरॉइड मिळाले असण्याची शक्यताही अधिक. म्हणजे नोंदवहीत 'सिझेरियनने वाचले' असे जे दिसते त्यात 'वाचेल असे वाटले म्हणून सिझेरियन केले' हे मिसळलेले असते. जुन्या निर्णयांवरून पुरावा तयार होतो आणि त्या पुराव्यावरून नवे निर्णय. हस्तलिखितांच्या संपादनात असा फेरा आम्हांला परिचित आहे: नकलाकाराने ज्या पोथ्या नकलण्यालायक ठरवल्या त्यांच्यावरूनच आपण त्या काळची अभिरुची ठरवतो. तेथे चूक झाली तर पाठभेद राहून जातो; येथे त्याची किंमत निराळी आहे.

यातून सुटण्याचा मान्य उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून मार्ग ठरवणे, म्हणजेच यादृच्छिक चाचणी. तिचा इतिहास या सगळ्या प्रकरणातील आम्हांला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे, कारण तो अपयशांचा आहे. १९८५ साली ऑस्ट्रेलियाच्या ज्युडिथ लम्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी कमी वजनाच्या बाळांसाठीच्या अशा चाचणीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच ती चाचणी 'फसलेली' असल्याचे म्हटले होते. शास्त्रीय नियतकालिकांत हा प्रांजळपणा विरळा. १९९३ साली अमेरिकेतल्या आयोवा येथील चाचणीचीही गत फार वेगळी झाली नाही. इंग्लंडमध्ये पेन, स्टीर आणि ग्रँट यांनी अपुऱ्या दिवसांच्या पायाळू बाळांसाठीच चाचणी आखली. २६ रुग्णालये तयार झाली. सतरा महिन्यांनी, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, चाचणी बंद करावी लागली तेव्हा सहभागी झालेल्या स्त्रियांची संख्या होती १३. पुढे २०१३ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अपुऱ्या दिवसांच्या एकेकट्या बाळांच्या, डोक्याकडून येणाऱ्याही धरून, सर्व चाचण्या एकत्र केल्या तेव्हा जगभरातून चार अभ्यास आणि ११६ स्त्रिया हाती लागल्या. चारही चाचण्या पुरेशा स्त्रिया न मिळाल्यामुळे अर्ध्यावर थांबवलेल्या होत्या.

असे का झाले? अकाली कळा सुरू झालेली, घाबरलेली स्त्री मध्यरात्री रुग्णालयात येते. तिच्यापुढे कागद धरून 'तुमचे पोट उघडायचे की नाही हे आम्ही चिठ्ठी टाकून ठरवू' असे सांगायचे. सांगणाऱ्या डॉक्टरला स्वतःला खरोखरच उत्तर माहीत नसले पाहिजे, तरच ते सांगणे नैतिक ठरते. आणि बहुतेकांना आपल्याला उत्तर माहीत आहे असे वाटत होते. काहींना सिझेरियनच योग्य वाटे, काहींना नाही, पण दोन्ही बाजूंची खात्री सारखीच. अज्ञान सर्वांचे मिळून होते, एकेकट्याचे नव्हते. शिवाय बाळ दगावले तर 'तुम्ही शस्त्रक्रिया का केली नाही' असे न्यायालयात विचारले जाते. 'का केली' असे विचारले जाण्याची भीती त्या मानाने कमी. आम्ही डॉक्टरांना दोष देत नाही. फक्त एवढेच की ज्या खात्रीने चाचण्या मोडल्या ती खात्री चाचणीतून आलेली नव्हती.

मग २००० साल आले. मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली २६ देशांतील १२१ केंद्रांत, दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेली पायाळू प्रसूतीची मोठी चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. नियोजित सिझेरियनच्या गटात बाळाचा मृत्यू वा गंभीर इजा यांचे प्रमाण १.६ टक्के, नैसर्गिक प्रसूतीच्या गटात ५ टक्के. नेदरलँड्समध्ये पायाळू बाळांच्या सिझेरियनचे प्रमाण दोनेक महिन्यांत ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. वैद्यकाच्या इतिहासात एका निबंधाने इतक्या झटकन सवय बदलल्याची उदाहरणे थोडी. याच चाचणीतील मुलांचा दोन वर्षांनी पाठपुरावा केला तेव्हा दोन्ही गटांत मृत्यू वा वाढीतील दोष यांत फरक आढळला नाही, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. तोवर सवय बदलून गेली होती. आणि मूळ चाचणी पुऱ्या दिवसांच्याच बाळांची होती. अपुऱ्या दिवसांचे एकही बाळ तीत घ्यायचे नव्हते. तरी तिची छाया त्यांच्यावर पडली ती दुसऱ्याच वाटेने. पायाळू बाळ हाताने सोडवण्याचे प्रसंग कमी झाले, तशी ते पाहण्याची आणि करण्याची संधी शिकाऊ डॉक्टरांना मिळेनाशी झाली. मोरिसोपासून चालत आलेले ज्ञान पुस्तकात होते, पण ते बोटांतले ज्ञान होते. अपुऱ्या दिवसांचे बाळ सांगून येत नाही; शस्त्रक्रियेची तयारी होण्याआधीच ते आले तर समोरच्या डॉक्टरचा हातच कामी येतो. आता तो सराव रबरी बाहुल्यांवर करून घेतात.

चाचण्यांची वाट बंद झाल्यावर संशोधक नोंदींकडे वळले, मात्र यावेळी अधिक सावधपणे. २०१४ साली सात अभ्यास एकत्र करून ३,५५७ स्त्रियांचा हिशेब मांडला गेला: सिझेरियननंतर नवजात मृत्यू ३.८ टक्के, नैसर्गिक प्रसूतीनंतर ११.५ टक्के. २०१८ सालच्या आढाव्यात फक्त २३ ते २७ आठवड्यांची, आणि जन्मानंतर ज्यांना वाचवण्याचे पूर्ण प्रयत्न झाले अशीच बाळे घेतली. पंधरा अभ्यास, १२,३३५ बाळे. सुरुवातीलाच सोडून दिलेली बाळे वगळण्याची ही खबरदारी आम्हांला फार महत्त्वाची वाटते. तरीही सिझेरियनच्या बाजूला मृत्यूची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी आणि मेंदूतील गंभीर रक्तस्राव जवळपास निम्मा आढळला. मात्र फ्रान्समधील २०११ सालच्या जन्मांच्या अभ्यासात, २६ ते ३४ आठवड्यांच्या ३९० पायाळू बाळांमध्ये, प्रत्यक्ष मार्ग न पाहता ठरवलेला मार्ग पाहिला, तेव्हा दोन वर्षांपर्यंतच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. प्रश्न विचारण्याची जागा थोडी सरकवली की उत्तरही सरकते.

एवढ्यावर डॉक्टरने निर्णय करायचा असतो, आणि त्याला तो मिनिटांत करायचा असतो. मार्गदर्शक पुस्तिकांतही एकवाक्यता नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१७ साली सांगितले की २२ ते २५ पूर्ण आठवड्यांत आपोआप कळा सुरू झालेल्या पायाळू बाळासाठी सिझेरियन नित्यनेमाने सुचवू नये. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात बाविसाव्या आठवड्यात नको, तेवीस-चोवीसमध्ये विचार करावा, पंचविसापासून बाळाच्या हितासाठी करावे, अशी पायरी आहे. मग डॉक्टर पाहतात काय? कळा कितपत पुढे गेल्या आहेत, पाय आधी आहेत की बैठक, बाळाचे ठोके, अंदाजे वजन, स्टेरॉइडला वेळ मिळाला का, इतक्या लहान बाळाची काळजी घेणारा विभाग त्याच इमारतीत आहे का, आणि आईवडिलांना काय हवे आहे. यांतले आठवड्यांचे गणितच पुष्कळदा डळमळीत. सुरुवातीच्या महिन्यांत सोनोग्राफी झाली नसेल आणि शेवटच्या पाळीची तारीख नीट आठवत नसेल, तर तेवीस आणि पंचवीस यांतला भेद अंदाजाचा होतो. आपल्याकडे, शहरापासून दूर, हे नेहमीचे आहे.

आणि आई. इतक्या लवकर गर्भाशयाचा खालचा भाग तयार झालेला नसतो, त्यामुळे नेहमीचा आडवा छेद पुष्कळदा पुरत नाही. वरच्या जाड भागावर उभा छेद घ्यावा लागतो. हा व्रण पुढल्या गरोदरपणात कळांच्या वेळी फाटण्याची शक्यता शंभरात चार ते नऊ, आडव्या छेदात शंभरात एकाहूनही कमी. पुढचे प्रत्येक मूल त्यामुळे कळा सुरू होण्याआधीच सिझेरियनने काढावे लागते. छेद अरुंद पडला तर तेथेही डोके अडकू शकते. म्हणून काही जण बाळाला पाणमोटीसकट अलगद बाहेर काढण्याचा प्रयत्न करतात. तेविसाव्या आठवड्यात हे सारे करून बाळ गेले, तर तिच्याकडे बाळ नसते आणि व्रण असतो. वर दिलेल्या बहुतेक आकड्यांत बाळाच्या मृत्यूला रकाना आहे, तिच्या पुढल्या गरोदरपणाला नाही. जो अभ्यास दोन वर्षांनी थांबतो त्यात ते गरोदरपण यायचेच असते.

अलीकडे काही ठिकाणी वेळ असेल तर हे बोलणे आधीच करतात: बाळाचा डॉक्टर आणि प्रसूतीचा डॉक्टर दोघे मिळून आईवडिलांशी बोलतात, आणि 'बाळाच्या बाजूने शस्त्रक्रिया करायची नाही' असे ठरले तर तेही लिहून ठेवतात. असे लिहिले गेले तर पुढच्या अभ्यासकाला निदान एवढे तरी कळते की हे बाळ त्या मार्गाने आले ते ठरवून की अवचित. बहुतेक नोंदवह्यांत प्रसूतीचा प्रकार या मथळ्याखाली अजूनही एकच शब्द असतो, आणि त्या रात्री काय योजले होते ते त्यात लिहिलेले नसते.